एका पडद्यात मावणारा खेळ

  हातातलं काम सोडू नका. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल.

आज ना कर्जाचा हप्ता, ना शेळीपालन, ना पापडाचा भाव. आज बोलायचं आहे पोरांच्या गेमविषयी. तुम्ही म्हणाल, हा काय बचत गटाचा विषय झाला? पण गटाची बैठक संपते, वही बंद होते, आणि बाया उठता उठता जे बोलतात ते काय असतं? "पोऱ्या मोबाईल सोडतच नाही." "जेवताना पण गेम." "फोन मागितला की अंगावर येतो." गेल्या वर्षभरात एकही बैठक मला आठवत नाही जिथे हे निघालं नाही. म्हणून म्हटलं, उठता उठता बोलतो ते एकदा नीट बसून बोलू.

आपण 'गेम' हा एकच शब्द सगळ्यांना लावतो. तापाची गोळी पण औषध आणि कापसावर फवारतो ते पण औषध. पण दोन्ही एका फडताळात ठेवतो का आपण? गेमचंही तसंच आहे. ते ओळखायचं कसं, ते समजण्यासाठी मी आज तुम्हाला जरा जुन्या खेळांकडे नेणार आहे. ते खेळ साधे आहेत, त्यामुळे खेळाची रचना त्यांच्यात लगेच दिसते.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तर असं समजा. आपलं जुनं धाब्याचं घर आहे. खाली ओटा, आत मधलं घर, वर माळा, त्याच्यावर धाबं, आणि चढायला निसणी. आता समजा या घराची समोरची भिंत कोणी काढून घेतली आणि तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभ्या आहात. खालपासून धाब्यापर्यंत सगळं एका नजरेत दिसतं. कोण कुठे बसलंय, उंदीर कुठून पळतोय, पोर कुठे चढलंय, काही लपत नाही. जुन्या खेळांचा पडदा असाच. आडव्या फळ्या, मध्ये शिड्या. एक छोटा माणूस तुमच्या हातात. तो उड्या मारत एका फळीवरून दुसरीवर जातो. फळ्यांवर दुष्ट प्राणी फिरत असतात. त्यांना चुकवायचं, पकडायचं, घर साफ करायचं. साफ झालं की दुसरं घर. पडदा पुढे सरकत नाही. जे आहे ते सगळं समोर. म्हणून यांना एका पडद्याचे खेळ म्हणायचं.

हे खेळ आले जपानमधून. १९८० साली 'स्पेस पॅनिक' नावाचा एक आला. त्यात शिड्या होत्या, फळीत खड्डा खणून राक्षसाला पाडायचं होतं, पण माणसाला उडी मारता येत नव्हती. उडी दिली १९८१ साली 'डाँकी काँग'ने. निन्टेन्डो कंपनीचा हा खेळ. तो ज्यांनी रचला ते शिगेरू मियामोटो तेव्हा तिशीच्या आतले तरुण होते. वर एक मोठं माकड एका बाईला उचलून बसलंय आणि खाली पिंपं लोटतंय. खालून एक सुतार पिंपांवरून उड्या मारत तिला सोडवायला चढतोय. तो सुतार पुढे नळ दुरुस्त करणारा झाला, आणि १९८३ साली त्याच्या जोडीला त्याचा भाऊ आला. तो खेळ 'मारिओ ब्रदर्स'. मारिओ हे नाव तर तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. त्या खेळात गटाराच्या पाइपांतून कासवं आणि खेकडे बाहेर येतात, आणि खालच्या फळीवरून वरच्या फळीला डोकं मारून त्यांना उलटं पाडायचं असतं. दोन भाऊ एकाच वेळी, एकाच पडद्यावर. म्हणजे दोघं जण शेजारी बसून खेळणार. १९८५ साली मारिओचाच पुढचा मोठा खेळ आला, त्यात पडदा पुढे पुढे सरकायला लागला, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पण एका पडद्याचे खेळ संपले नाहीत. उलट त्यातले चांगले खेळ त्यानंतरच आले.

आपल्याकडे हे कसे पोहोचले? निन्टेन्डोने १९८३ साली घरच्या टीव्हीला जोडायचं यंत्र काढलं होतं. त्याच्या स्वस्त नकला बनल्या आणि १९९० नंतर त्या आपल्याकडच्या बाजारात आल्या. आपण त्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो. वरून कॅसेट खोचायची, दोन रिमोट, वायर टीव्हीच्या मागे. कॅसेटवर लिहिलेलं असायचं हजारो गेम, आणि आत पाच-दहा गेम पुन्हा पुन्हा नावं बदलून. आमच्या लहानपणी गल्लीत एखाद्याकडे ते असायचं. मे महिन्याच्या सुट्टीत ओट्यापासून आतपर्यंत पोरं भरलेली. लाईट गेली की सगळं शून्यावर, कारण त्यात काही जपून ठेवायची सोयच नव्हती. लाईट आली की पुन्हा पहिल्या घरापासून.

तालुक्याच्या गावी गेमची दुकानंही होती. लाकडी पेटीत टीव्ही, बाहेर दांडा आणि बटणं, एक नाणं टाकायचं आणि एक डाव खेळायचा. जत्रेतसुद्धा असा एखादा तंबू लागायचा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या ओट्यावर पोरी होत्या, पण रिमोट त्यांच्या हातात नसायचा. आम्ही बघायचो. "तुझा माणूस पडला, तुझा एकच चान्स उरला," असं ओरडायचो. मध्येच कोणी हाक मारायचं, पाणी भरायला उठायचं. आणि तालुक्याच्या गेमच्या दुकानात तर पोरींनी पायच ठेवायचा नसतो, असं कोणी न सांगता ठरलेलं होतं. हा मुद्दा मी शेवटी पुन्हा घेणार आहे.

ही अडचण फक्त आपल्याकडची होती असं नाही. जपानच्या गेमच्या दुकानांतही पुरुषच जास्त. काही खेळ बनवणाऱ्यांना ते खटकलं. १९८० साली 'पॅक-मॅन' बनवणारे तोरू इवातानी यांनी बायकांनाही आवडावा म्हणून मारामारीऐवजी खाण्याचा खेळ रचला. आणि १९८६ साली ताइतो कंपनीत फुकिओ मित्सुजी नावाच्या माणसाने 'बबल बॉबल' बनवला, तेव्हा त्यांच्या मनात होतं की जोडप्याने येऊन शेजारी बसून खेळावं असा खेळ पाहिजे.

हा 'बबल बॉबल' मला सगळ्यांत जास्त सांगायचा आहे. त्यात दोन छोटे गोलमटोल ड्रॅगन. खरं तर ती दोन मुलं, जादूने ड्रॅगन झालेली. ते तोंडातून फुगे सोडतात. दुष्ट प्राणी फुग्यात अडकतो. मग उडी मारून तो फुगा फोडायचा, की त्या प्राण्याचं फळ होतं, ते गोळा करायचं. पण अडकवून तसाच ठेवला तर तो फुगा फोडून बाहेर येतो, लालबुंद होऊन, आणि आधीपेक्षा जोरात पळतो. थकलेल्या हप्त्यासारखं आहे बघा. धरला तेव्हाच निपटला तर ठीक, नाही तर दुप्पट जोराने अंगावर.

असे १०० पडदे. आता ऐका. एकट्या माणसाने खूप मेहनत करून १०० पडदे पार केले, तरी खेळ त्याला खरा शेवट दाखवत नाही. तो सांगतो की सोबत्याला घेऊन पुन्हा ये. दोघांनी मिळून शेवटपर्यंत पोहोचायचं, तेव्हाच चांगला शेवट. एकटा कितीही हुशार असो, अर्धवटच.

मैत्रिणींनो, बचत गटाला हे समजावून सांगायची गरज नाही. एकटीला बँकेच्या दारात कोणी उभं करत नव्हतं, दहा जणी गेल्यावर खुर्ची मिळाली. पण १९८६ साली, नाणं टाकून खेळायच्या धंद्यात, जिथे प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा जास्त मार्क मिळवायचे असतात, तिथे एक माणूस असा खेळ करतो की दुसऱ्याशिवाय तुझं पूर्ण होणारच नाही. मला हे फार मोठं वाटतं. मित्सुजी २००८ साली वारले. त्यांचा खेळ आजही खेळला जातो.

आता या खेळाच्या वारसांचं बोलू. वारस दोन प्रकारचे असतात. एक नावाचा, एक गुणाचा. आपल्या खानदेशात मांडे करणारी एखादी सासू असते. हातावर पुरणाचा मांडा फिरवून खापरावर टाकते, अख्खं गाव नाव काढतं. पोटची पोरगी तेच आडनाव घेऊन वाढली, पण तिचा हात भलत्याच कामात चालतो. आणि परक्या घरून आलेली सून बघता बघता तो हात उचलते. मांड्यांची वारस कोण? सून.

खेळांमध्ये असंच झालं. १९८७ साली मित्सुजींनीच 'बबल बॉबल'ची पुढची कथा म्हणून 'रेनबो आयलंड्स' बनवला. त्यात ती मुलं पुन्हा माणसं झालेली, इंद्रधनुष्य टाकतात आणि त्यावरून वर वर चढतात. पडदा वर सरकत जातो. खेळ चांगलाच, पण एका घराचा हिशेब तिथे राहिला नाही. ही पोटची पोरगी. आणि १९९० साली तोआप्लान नावाच्या वेगळ्याच कंपनीने 'स्नो ब्रदर्स' काढला. ही सून. दोन बर्फाचे भाऊ, निक आणि टॉम. दुष्ट प्राण्यांवर बर्फ टाकायचा, पूर्ण गोळा झाला की ढकलायचा. तो गोळा फळ्यांवरून घरंगळत वाटेतल्या सगळ्यांना घेऊन खाली जातो. अर्धाच बर्फ टाकून सोडलं तर प्राणी अंग झटकून पुन्हा उठतो. ५० मजले, आणि दर दहाव्या मजल्यावर एक मोठा राक्षस. फुग्याच्या जागी बर्फ, पण बाकी सगळं तेच. एक पडदा, दोन सोबती, अडकवा आणि वेळेत निपटा. नाव वेगळं, कंपनी वेगळी, आत्मा तोच.

'स्नो ब्रदर्स' आपल्याकडच्या गेमच्या दुकानांत खूप चालला. पुढे कॉम्प्युटर आले, तेव्हा सायबर कॅफेतही पोरं तो खेळायची. १९९१ साली डेटा ईस्ट कंपनीने 'टंबलपॉप' काढला. त्यात तर पाठीला झाडलोट करायचं यंत्र, त्याने भुतं ओढून घ्यायची आणि पुन्हा बाहेर फेकायची. आमच्या घरची भुतं अशी ओढली जातील तर मी आजच विकत आणीन!

हे सगळं जुनं म्हणून संपलं का? नाही. 'स्नो ब्रदर्स' बनवणारी कंपनी १९९४ साली बुडाली, पण खेळ २०२२ साली नव्याने रंगवून पुन्हा आला. 'बबल बॉबल'चा नवा खेळ २०१९ साली आला, त्यात चार जणांना एकत्र खेळता येतं. २०१३ साली 'टॉवरफॉल' नावाचा एक आला. पडदा एकच, आणि चौघं एका खोलीत बसून खेळतात. हे आजचे बनवणारे मोठमोठे चित्रपटासारखे खेळ करू शकतात. तरी ते त्या धाब्याच्या घराकडे परत का येतात? जुन्या आठवणी हे एक कारण आहेच. पण दुसरं असं की त्या छोट्या घरात खेळाचे नियम सरळ असतात. काय करायचं ते समोर दिसतं. हरलो तर का हरलो ते कळतं. आणि शेजारी कोणीतरी बसलेलं असतं.

आता मी जुन्याची आरती ओवाळत नाहीये. त्या खेळांनाही पैसेच हवे होते. दुकानदाराला एक पोरगा तासभर एका नाण्यावर खेळलेला परवडत नव्हता. म्हणून 'बबल बॉबल'मध्ये एका पडद्यावर फार रेंगाळलं की हाडांचा एक सापळा पाठलाग करायला येतो. 'स्नो ब्रदर्स'मध्ये भोपळ्याच्या डोक्याचं भूत येतं. म्हणजे घाई कर, नाही तर मर, आणि मेलास तर दुसरं नाणं टाक. पैशाचा डाव तेव्हाही होता. पण तो उघडा होता. खिशात तीन नाणी असतील तर तीनच डाव. नाणी संपली की पोरगा घरी. आईला हिशेब विचारायला दुसरं काही लागत नव्हतं.

आता मोबाईलमधल्या खेळाकडे या. सगळेच वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण बऱ्याच खेळांमध्ये तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, शेवट काढून टाकला. १०० पडदे झाले, जिंकलो, उठलो, असं काही नाही. रोज नवं काहीतरी, रोज आलास तर बक्षीस, नाही आलास तर तुझं गेलं. पोरगा उठत नाही याचं कारण त्याचा हट्ट एवढंच नाही. त्या खेळात उठायची जागाच ठेवलेली नाही.

दुसरी, खेळ फुकट दिला आणि पैसे आत लपवले. डायमंड, कॉईन, नवे कपडे, नवी बंदूक. थोडे थोडे पैसे. आमच्या भागातल्या एका गटात असं झालं. ताईने हप्त्याचे पैसे खात्यात ठेवले होते. खातं फोनला जोडलेलं, पिन पोराला माहीत, कारण रिचार्ज तोच मारून द्यायचा. महिन्याभरात थोडे थोडे करून साडेतीन हजार गेले. हप्त्याच्या दिवशी ताई बैठकीत बसली आणि मान खाली. तिने एक रुपया उधळला नव्हता. पण गटासमोर उत्तर तिलाच द्यावं लागलं. गटाने समजून घेतलं, दोन हप्त्यांत भरायला दिलं, पण तिची ती मान खाली घातलेली मी विसरत नाही.

तिसरी, पैसे लावून खेळायचे खेळ. पत्त्यांचे, अंदाजाचे, टीम बनवायचे. तो खेळ नाही, तो जुगार आहे, त्याला गेम हे नाव नुसतं चिकटवलेलं आहे. यासाठी ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, त्यांच्या जाहिरातींना आणि त्यांचे पैसे फिरवायला त्यात बंदी आहे. कायदा झाला म्हणून चोरवाटा बंद होतातच असं नाही. कोणी लिंक पाठवून म्हणालं की यात पैसे लाव, दुप्पट होतील, तर त्याच्याकडे वळून बघू नका. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकं पैसे अडवायला सोपं.

मग आईने करायचं काय? फोन हिसकावायचा, आपटायचा, हे करून झालंय सगळ्यांचं. मी चार प्रश्न सांगते. पोराच्या शेजारी बसा आणि त्यालाच विचारा. त्याला सांगायला आवडतं, बघा तुम्ही.

पहिला प्रश्न, हा खेळ संपतो कुठे? "या लेव्हलला संपतो" असं उत्तर आलं तर ठरवा की ती लेव्हल झाली की फोन खाली. संपतच नसेल तर वेळ आपण ठरवायची, कारण खेळ ठरवणार नाही.

दुसरा, यात दोघांना एकत्र खेळता येतं का? आणि तो दुसरा कोण? शेजारी बसलेली बहीण असेल तर छान. कुठला तरी अनोळखी माणूस असेल आणि तो पोराशी बोलतही असेल, तर ते आपल्याला माहीत असायला हवं.

तिसरा, पैसे कुठे मागतात? ती जागा मला दाखव. मग दोन कामं करा. पिन बदला आणि पोराला सांगू नका. रिचार्ज करायचा तर पिन तुमच्या बोटाने टाका. ते जमत नसेल तर आपल्या गटाच्या सीआरपी ताईकडून शिकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. दुसरं, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय आहे, ती चालू करून घ्या. आणि जमलं तर हप्त्याचे पैसे ठेवायचं खातं फोनला जोडूच नका.

चौथा प्रश्न पोराला नाही, आपल्याला स्वतःला विचारायचा. घरात पोरगी आहे, ती खेळते का?

यावर जरा थांबते. त्या 'डाँकी काँग'मध्ये बाई वर अडकलेली आणि पुरुष सोडवायला जातो, हे मी सांगितलं. २०१३ साली अमेरिकेत माइक मिका नावाचे एक गेम बनवणारे आपल्या लहान मुलीबरोबर हाच खेळ खेळत होते. तिने विचारलं, मला ती मुलगी होऊन मारिओला सोडवता येईल का? खेळात तशी सोय नव्हती. बाप रात्री बसला, जुन्या खेळाची चित्रं बदलली, आणि मुलीला दिलं. आता माकडाने मारिओला पळवलंय आणि पॉलीन पिंपांवरून उड्या मारत चढतेय. तीन वर्षांच्या पोरीने विचारलेला साधा प्रश्न, पण बत्तीस वर्षं बहुतेकांच्या लक्षात आला नव्हता.

आणि आपल्या महाराष्ट्राचं सांगते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. एका पडद्याचा नाही, मोठा आहे. पण त्यात राजी ही साधी पोरगी आहे, डोंबाऱ्यासारखी कसरत करणारी, आणि ती आपल्या भावाला राक्षसांपासून सोडवायला निघते. हा खेळ जगभर विकला गेला. तो बनवणाऱ्यांमध्ये श्रुती घोष ही बाईच चित्रांचं काम बघणारी होती. तेव्हा पोरींना यातलं काय कळतं, हे बोलणंच सोडून द्या.

आपल्या घरात मात्र काय होतं? पोऱ्याला अर्धा तास फोन मिळतो, त्याच अर्ध्या तासात पोरगी भांडी घासते. खेळ वाईट म्हणून आपण पोरीला देत नाही असं नाही. खेळ ही मोकळ्या वेळाची गोष्ट आहे, आणि पोरीला मोकळा वेळ असतो हेच आपल्याला मान्य नाही. आम्ही ओट्यावर नुसतं बघत बसायचो, तेच आपल्या पोरी अजून करताहेत. फरक एवढाच की तेव्हा दुकानात जायची बंदी होती, आता खेळ घरात आहे, फोन आईच्या नावावर आहे, तरी हात पोचत नाही. पुढे तीच पोरगी बारावी झाली की आपण म्हणतो, हिला फोनचं काही येत नाही, फॉर्म भावालाच भरू दे.

म्हणून माझं सांगणं आहे. घरात खेळायला फोन द्यायचा तर दोघांना सारखा द्या. आणि शक्यतो दोघांनी मिळून खेळायचा, शेवट असलेला खेळ निवडा. भांडीही दोघांनी घासू द्या, म्हणजे दोघांनाही खेळायला वेळ उरेल.

आणि स्वतःसुद्धा खेळून बघा. हसताय का? बटणाच्या फोनवर साप वाढवत बसलेल्या किती जणी आहेत ऐकणाऱ्यांत, मला माहीत आहे! १९९७ साली नोकियाच्या फोनवर तो साप आला. तोही एका पडद्यातलाच खेळ. तुम्ही तो कोणाकडूनही शिकला नव्हता. पडदा समोर दिसत होता, दोन वेळा भिंतीवर आपटलात, तिसऱ्या वेळी कळलं. खेळ चांगला असला की त्याला मास्तर लागत नाही.

पुढच्या बैठकीत एक करा. वही बंद झाली की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने घरात कोणता खेळ खेळला जातो ते सांगायचं, आणि हे चार प्रश्न त्याला लावायचे. संपतो का, सोबत कोण, पैसे कुठे, पोरगी खेळते का. जिथे उत्तर अडेल तिथे बाकीच्या जणी मदत करतील. एकीच्या घरी जे सेटिंग झालंय ते दुसरीला दाखवता येईल. आणि ज्या ताईचे पैसे असे गेले असतील, तिला त्या बैठकीत बोलता येऊ द्या. तिची मान खाली जायचं कारण नाही.

तुमच्या बैठकीत काय निघालं ते आपल्या प्रभागाच्या ताईंकडे सांगा, किंवा मला भेटाल तेव्हा सांगा. पुढच्या वेळी त्यातलंच घेऊन बोलू. बरं, चला, भाकरी उलटा, नाही तर करपेल. नमस्कार.